साहेबांच्या कुत्र्याचा पाहुणचार

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. लिहून ठेवण्यासारखं आयुष्य आजच सुरू झालंय.

साहेब आणि बाईसाहेब दोन आठवडे बाहेरगावी गेले. जाताना कुत्रा कुणाकडे ठेवला? पंपाच्या कारखान्यापासून अकाउंट्सपर्यंत एवढी माणसं असताना कुणाकडे? माझ्याकडे. डिस्पॅच मॅनेजर रिटायर झाले, त्यांची खुर्ची रिकामी पडली आहे, आणि नेमक्या अशा वेळी साहेब डिस्पॅचच्या सीनियर क्लार्कला स्वतःचा कुत्रा देतात. शहाण्याला शब्दाचा मार.

कुत्र्याचं नाव ब्रिगेडियर. रॉटवायलर. वजन साधारण हिच्याएवढं (हे हिला सांगितलेलं नाही). ड्रायव्हर त्याला दोन मजले चढवून वर घेऊन आला, पट्टा माझ्या हातात दिला आणि जिना धावत उतरला. गाडी चुकीच्या जागी लावली असणार.

कन्येने मोबाइलवर वाचून दाखवलं की काही देशांत या जातीच्या कुत्र्याला मुसकं बांधल्याशिवाय रस्त्यावर काढू देत नाहीत. मी समजावून सांगितलं की तो नियम कुणाच्याही हातात असे कुत्रे पडतात म्हणून. घराणं चांगलं असेल तर मुसकं लागत नाही. ही म्हणाली, चहाचा कप त्याच्या तोंडात आहे, तो आधी काढ.

३ मार्च, सोमवार. ऑफिसला निघण्याआधी.

ब्रिगेडियरने माझी डावी चप्पल खाल्ली. उजवीला तोंड लावलं नाही. वळण दिसतं ते असं.

याउलट खालचा गॅरेजवाला. तळमजल्यावर गॅरेज, मागच्या खोलीत राहतो, आणि त्याच्याकडे एक पिवळट कुत्रा. नाव पाना. कुत्र्याला पाना म्हणणाऱ्या माणसाकडून पुढे काय अपेक्षा ठेवायची? हा पाना दिवसभर कुठल्यातरी नादुरुस्त गाडीखाली पडून असतो आणि मी दिसलो की भुंकतो. फक्त मी. घरमालकांकडे द्यायला मी अर्ज तयार केलाय: सदर कुत्रा धोकादायक असून सुसंस्कृत रहिवाशांच्या जिवाला घोर लागला आहे. सगळ्या इमारतीच्या सह्या घ्यायच्या आहेत. आतापर्यंत माझी झाली. हिला पेन सापडत नाही.

माझा सिद्धांत असा की कुत्रा मालकाच्या वळणावर जातो. मोठ्या माणसाचा कुत्रा चिडला तर त्याला बाणेदारपणा म्हणतात. गॅरेजवाल्याचा कुत्रा चिडला तर तो निव्वळ माज.

शिवाय गॅरेजवाला मला काका म्हणतो आणि हिला वहिनी. हे नातं कसं बसवायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान असेल. साहेब म्हणायला काय जातं?

४ मार्च, मंगळवार

आजपासून ब्रिगेडियरला बंगल्यांच्या रस्त्यावर फिरवायचं ठरवलं. आपल्या गल्लीत त्याचं मन रमत नाही. माझंही कधी रमलं नव्हतं, फक्त आजवर कारण नव्हतं.

काय तो रस्ता! काय ती माणसं! गॉगल लावलेल्या एक बाई, हातात पांढरं, केसाळ, उशीएवढं कुत्रं, स्वतःहून थांबल्या. ब्रिगेडियरला ओळखलं. मला विचारलं, तुम्ही सकाळी साडेसहाला मोकळे असता का? मी म्हटलं, असतो. आणखी कुठल्या घरी जाता? मी म्हटलं, फारसा कुठे जात नाही, निवडक. त्यांना ते फार आवडलेलं दिसलं. म्हणाल्या, मग उद्या आमच्या गेटपाशी या.

पहिल्याच फेरीत आमंत्रण! ही उगाच म्हणत असते की मोठी माणसं तोडून वागतात. आपल्यात तसं काही असावं लागतं.

हिला सांगितलं. तिने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, जा.

५ मार्च, बुधवार

बाई गेटपाशी उभ्याच होत्या. उशीचा पट्टा माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. पहिल्याच भेटीत केवढा विश्वास. परत आलो तेव्हा म्हणाल्या, आधीचे गृहस्थ कुत्र्याला आंघोळही घालायचे. ही मंडळी मैत्रीत किती मोकळी असतात! माझ्या मित्रांनी कधी एकमेकांच्या कुत्र्याला आंघोळ घातलेली नाही.

निघताना यजमानांचा एक स्वेटर दिला. कोपराला थोडा विरलाय, पण लोकर परदेशी. परतभेट काय द्यावी याचा विचार चालू आहे. ही म्हणते, साबण दे.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.

पाय उशीवर ठेवून लिहितोय. (पांढऱ्या नव्हे, आपल्या.)

सकाळी दोन्ही कुत्र्यांना घेऊन निघालो. वळणावर उशी ब्रिगेडियरच्या कानात काहीतरी भुंकली. पट्टे एकमेकांत अडकले आणि त्या दोघांच्या मध्ये माझा पाय आला. ब्रिगेडियरने तो धरला. चावला असं म्हणणार नाही. धरला. पण बराच धरला. बाई ओरडत धावत आल्या आणि विचारलं, लागलं का? मी म्हणणार होतो, फार नाही. पण तोवर त्यांनी उशीला उचलून तिच्या पंजांवर फुंकर घालायला सुरुवात केली होती.

ही मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, कुत्रा कुणाचा? कारण चावलेल्या कुत्र्याच्या मालकाला कळवावं लागतं, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. कुत्रा तेवढे दिवस ठणठणीत राहिला तर काळजीचं कारण नाही.

मालकाला कळवणार! साहेबांना! तिकडे, सुट्टीत! एका क्षणात ती खुर्ची डोळ्यांसमोर आली, उंच पाठीची, हँडल फिरवलं की खालीवर होणारी. आणि तोंडातून निघून गेलं: आमच्या खालच्या गॅरेजवाल्याचा, पाना.

हिने माझ्याकडे पाहिलं. औषधं घ्यायला मागे थांबली आणि खूप वेळाने बाहेर आली. रिक्षात एवढंच म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिला मॅनेजमेंट कळत नाही. पाना आज नाही चावला, उद्या चावला असता. मी फक्त तारीख थोडी अलीकडे आणली.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी बेल वाजली. दारात गॅरेजवाला, हात जोडून, बाजूला पाना. म्हणाला, काका, वहिनींनी सगळं सांगितलं. चुकलं आमच्या पोराचं. डॉक्टरांनी नजर ठेवायला सांगितलंय ना, मग तुम्ही कशाला जिना उतरताय दुखऱ्या पायाने, मीच रोज आणून दाखवत जाईन. हा बघा तुमचा गुन्हेगार. जिवंत आहे.

हे सगळं जिन्यात, खणखणीत आवाजात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून वाकून बघत होत्या.

पाना आत आला आणि माझं बँडेज चाटलं. मी म्हटलं, बरं बरं, दिसला, न्या आता.

एक मानलं पाहिजे, माणूस आपल्या जागेला धरून वागला. हा वर्ग चूक दाखवली की कबूल करतो. अर्ज तूर्त मागे ठेवतोय. मोठेपणा.

८ मार्च, शनिवार

गॅरेजवाला आला. पाना जिवंत.

दुपारी हाफ डे सुटल्यावर ऑफिसात कुणी नसताना त्या खुर्चीत बसून पाहिलं. पाय टेकत नाहीत. हँडल फिरवल्यावर टेकले, पण मग टेबलावरचं दिसेना. सवयीने जमेल.

साहेबांच्या सेक्रेटरी बाई म्हणाल्या की मॅनेजरचं नाव साहेबांनी जाण्याआधीच ठरवलंय, आल्यावर सांगतील. आणि हसल्या. मला बघून हसल्या. आता याहून स्पष्ट काय सांगायचं एखाद्याने?

९ मार्च, रविवार

दुसरं इंजेक्शन. गॅरेजवाला स्वतः स्कूटरवर घेऊन गेला. म्हणाला, आमच्या कुत्र्याने केलं, आम्हीच निस्तरणार. वाटेत तीन ओळखीच्या लोकांपाशी थांबून त्यांना सांगितलं की माझा पाना काकांना चावला. ऐकणारे माझ्याऐवजी त्याच्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर विचारलं, पानाला लस वगैरे कधी दिली होती का? दरवर्षी देतो, म्हणाला. मग डोळे मिचकावले की धूळ गेली कोण जाणे. म्हणाला, म्हणजे पाना चावला असेल तर काका, तुम्हाला भीतीच नाही.

चांगली बातमी आहे. तरी ताट अर्धंच सोडून उठलो.

१० मार्च, सोमवार

गॅरेजवाला आला. पाना जिवंत. शेपूट हलवतोय.

ब्रिगेडियरने मात्र सकाळचं खाल्लं नाही. साहेबांनी दिलेल्या डब्यातलं, परदेशी, चित्रावर सोनेरी मुकुट. वास घेतला आणि मला पाठ केली. संध्याकाळीही तेच.

काही नाही, मालकाची आठवण येत असेल. खानदानी कुत्री अशीच असतात. मीही साहेब गेल्यापासून थोडं कमीच जेवतोय.

११ मार्च, मंगळवार

आजही खाल्लं नाही. तोंडातून लाळ.

साहेबांना फोन लावला. चाव्याचा विषय अर्थातच काढला नाही. सहज विचारलं, ब्रिगेडियरची लस याच महिन्यात असेल तर देऊन टाकू का? साहेब हसले. म्हणाले, लसी-बिसी रस्त्यावरच्या कुत्र्यांना, आपल्या ब्रिगेडियरच्या आजोबांचा फोटो मासिकात आला होता, त्याला काय होणार? तुम्ही फक्त त्याला भलत्यासलत्या कुत्र्यांत मिसळू देऊ नका.

किती बरोबर बोलले. रक्त शुद्ध असल्यावर रोग शिरणार कुठून?

फोन ठेवल्यावर जखम पुन्हा साबणाने धुतली. स्वच्छता चांगली असते म्हणून.

१२ मार्च, बुधवार. सकाळ.

रेबीजमध्ये पाण्याची भीती वाटते. ग्लासभर पाणी भरून समोर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. भीती वाटली नाही. पिऊन टाकलं. खात्रीसाठी आणखी एक.

दुपार. ऑफिसात दर थोड्या वेळाने पाणी पितोय. प्यून म्हणाला, साहेब, तुम्हाला डायबेटिस आहे का? (प्यून मला साहेब म्हणतो. तो वर जाईल.) शेवटचा ग्लास पिववेना. हे पोट भरल्यामुळे की लक्षण? नळाखाली डोकं धरून पाहिलं. ते ठीक वाटलं. पण त्याच वेळी पर्चेसवाले आत आले.

संध्याकाळ. ब्रिगेडियर दाराकडे तोंड करून बसलाय, हलत नाही, लाळ गाळतोय. मी त्याच्याकडे बघतो, तो दाराकडे बघतो. कन्येला म्हटलं, याला खाली फिरवून आण. ती आणि तो दोघेही उड्या मारत गेले. शेवटची ताकद असेल.

मला भीती वाटते. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. खरंच भीती वाटते.

१३ मार्च, गुरुवार

गॅरेजवाला आला. पाना इतका जिवंत आहे की बघवत नाही.

तिसरं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, चावलेला कुत्रा चांगला आहे ना? मग पुढची इंजेक्शनं थांबवायला हरकत नाही. मी म्हटलं, नको नको, द्या. ते म्हणाले, कशाला? मी म्हटलं, पाना वरवर आनंदी दिसतो, पण मनातून खचलाय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अगदी सावकाश विचारलं, तोच कुत्रा ना?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकीकडे जन्मभर वाट पाहिलेली खुर्ची, दुसरीकडे प्राण. हो म्हणालो. तोच.

ते म्हणाले, नीट आठवा आणि रविवारपर्यंत सांगा.

उद्या सकाळी जाऊन खरं सांगणार. ठरलं. पुरुषाचा शब्द.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी पाऊल घरातून बाहेर पडेना. संध्याकाळी जायचं ठरवलं. संध्याकाळी गर्दी होती. म्हणजे असणार, शुक्रवार होता.

शिवाय तात्त्विक बाजूही आहे. मी खरं सांगितलं तर साहेबांच्या घराण्याला बट्टा. साहेबांना वाईट वाटेल. दुसऱ्याला वाईट वाटू न देणं हा माझा स्वभावच, त्याला मी काय करणार?

ऑफिसातून घरी येईपर्यंत रस्त्यात दिसेल त्या कुत्र्याला बघून फुटपाथ बदलत होतो. घरी आल्यावर खुर्चीवरून उठलो, पलंगावर बसलो, पलंगावरून उठलो, खिडकीशी गेलो. ही म्हणाली, एका जागी बस नाहीतर खरं बोल. कसलं खरं, असं मी विचारलं. ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

१५ मार्च, शनिवार. दुपार.

ब्रिगेडियर आजही डब्याला शिवला नाही. हाफ डे होता. तडक गॅरेजकडे गेलो. आधी गॅरेजवाल्याला सांगायचं, मग डॉक्टरांना.

गॅरेजमध्ये एका चेपलेल्या पत्र्याच्या घमेल्यात पाव, उकडलेली अंडी, हाडं. एका बाजूने पानाचं तोंड, दुसऱ्या बाजूने ब्रिगेडियरचं. बाजूला उलट्या बादलीवर आमची कन्या. ती ब्रिगेडियरला सोमवारपासून दोन्ही वेळा इथे जेवायला आणते. त्यामुळेच डब्यातलं मुकुटवालं खाणं नको आणि त्यामुळेच दाराकडे बघून लाळ. गॅरेजवाला म्हणाला, दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात काका, पण याच्याकडे बघा.

मी तिथेच टायरवर बसलो. आनंदाने रडू आलं. गॅरेजवाल्याने पुसायला फडका दिला. तोंडाला ग्रीस लागलं ते घरी आल्यावर कळलं.

मग सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, राहू द्या, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हिने सांगितलं. डॉक्टरांनाही हिनेच सांगितलं, त्या दिवशी औषधं घ्यायला थांबली तेव्हा. पुढच्या इंजेक्शनची तारीखसुद्धा ठरलेली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना माहीत. स्कूटर थांबवली त्या तिघांना माहीत. माहीत नव्हतं ते फक्त मला, की सगळ्यांना माहीत आहे.

मी जरा चिडून विचारलं, मग रोज सकाळी कुत्रं घेऊन दारात कशाला यायचं? पहिले दोन दिवस मजा म्हणून आलो, असं तो म्हणाला. मग हात पुसत राहिला. नंतर म्हणाला, पुढे वाटायला लागलं की आज काका स्वतःच सांगतील. रोज दार उघडलं की वाटायचं, आज सांगतील.

मला फार वाईट वाटलं. एवढा वेळ या माणसाने माझ्यावर भरवसा ठेवला आणि मला ते कुणी कळवलंसुद्धा नाही.

संकल्प: उद्या साहेब आले की सगळ्यांसमोर, ताठ मानेने, खरं सांगणार. ब्रिगेडियर चावला. लस दिलेली नाही, ती द्या. गॅरेजवाल्याला तसा शब्द दिलाय. त्याने मान हलवली. हिला सांगितलं, तिने आज बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसलीसुद्धा.

आरशासमोर वाक्य पाठ केलं. चांगलं वाटतं तोंडात.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ.

साहेब स्वतः आले. गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. मी ब्रिगेडियरला घेऊन उभा, शेजारी ही आणि कन्या, दाराशी गॅरेजवाला आणि पाना.

साहेबांचं पायाकडे लक्ष गेलं. विचारलं, हे काय झालं?

सगळे थांबले होते. वाक्य पाठ होतं. मी म्हणालो, जिन्यावरून घसरलो, साहेब.

गॅरेजवाला पानाला हाक मारून आत गेला आणि एका नादुरुस्त गाडीखाली शिरला. ही कन्येला घेऊन वर गेली.

ब्रिगेडियर गाडीत चढेना, आम्ही दोघांनी मागून ढकलला. दार लावल्यावर साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही. डिस्पॅचला उद्यापासून बाहेरून मॅनेजर येतोय. तुमचं नाव एकदा डोक्यात आलं होतं, पण त्या खुर्चीत कुणालाही तोंडावर नाही म्हणू शकणारा माणूस लागतो.

मी म्हणालो, अगदी बरोबर आहे, साहेब.

मग म्हणाले, पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जातोय, ब्रिगेडियरला ठेवाल ना?

हो म्हणालो.